अकरा सेकंदांचा जळफळाट

"पुन्हा लाव!" ठिणगी म्हणाली.

"ही चाळिसावी वेळ आहे!" बोक्याने काकाचा फोन पोटाशी धरला. "त्या व्हिडिओला तुझी दृष्ट लागेल!"

"लागू दे! लागावी म्हणूनच बघतेय!"

ठिणगी तेरा वर्षांची आणि नावासारखीच, चटकन पेटणारी. बोका तिचा आतेभाऊ, तिच्याहून वर्षाने लहान आणि कायम भुकेला. दोघं सुट्टीला काकाकडे आली होती, म्हणजे बोक्याच्या मामाकडे. काकाची एक छोटी शिडाची होडी होती. गावातल्या सगळ्या होडीवाल्यांचा फोनवर एक गट होता. सुट्टीच्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या सोयीने समुद्रात जायचं, लांब पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालून परत यायचं आणि घरातल्या कुणीतरी दुसऱ्या होडीतून काढलेला व्हिडिओ गटावर टाकायचा. नियम एकच : वळसा घालताना बोया डाव्या हाताला राहिला पाहिजे. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो पहिला! आणि पहिल्या होडीच्या घरातलं एक मूल रविवारी बेटापर्यंतच्या सफरीत सुकाणू धरणार, सगळ्या होड्यांच्या पुढे!

तीन वर्षं ठिणगी त्या सुकाणूची वाट बघत होती. या वर्षी काकाचा नंबर दुसरा आला. फक्त अकरा सेकंदांनी! पहिले आले दातांचे डॉक्टर. म्हणजे सुकाणू कुणाच्या हातात? डॉक्टरांच्या मुलीच्या, परीच्या! जिच्याकडे आधीच स्वतःची पांढरी टोपी होती, स्वतःची दुर्बीण होती आणि हसली की खळीसुद्धा पडायची.

"खळीचं मी समजू शकते," ठिणगी दात ओठ खात म्हणाली. "पण खळीही आणि सुकाणूही?"

"जळका वास येतोय," बोका नाक उडवत म्हणाला.

"गप रे! थांब... थांब, थांब! इथेच थांबव!"

पडद्यावर डॉक्टरांची होडी थांबली. मागे नुसतं पाणी आणि आभाळ. शिडावर मोठा काळा 181.

"होडी उजवीकडे चाललीय," ठिणगी हळूच म्हणाली. "म्हणजे आपल्याला तिची कुठली बाजू दिसतेय?"

"उजवी."

"आता काकाचा व्हिडिओ लाव. तोही उजवीकडे चाललाय. बघ! काकाचा आकडा वर आहे, डॉक्टरांचा खाली!"

"मग? शिवणारीची हौस!"

"चल, तिलाच विचारू!"

गावातली सगळी शिडं एकच आजी शिवायच्या. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबलचक खोली, जमिनीवर पसरलेलं पांढरं कापड आणि मध्ये खड्ड्यात बसवलेलं शिवणयंत्र. आजींच्या ओठांत चार टाचण्या होत्या. ठिणगीचं बोलणं ऐकून त्यांनी त्या एकेक करून काढल्या.

"माझा आकडा चुकला? तीस वर्षं शिडं शिवतेय मी! उजव्या बाजूचा आकडा वर, डाव्या बाजूचा खाली. कापड पातळ असतं ना गं! दोन्ही एकाच उंचीवर लावले तर उन्हात एकावर एक दिसून नुसती गिचमीड होईल. डॉक्टरांचं शीड मीच शिवलंय, आणि बरोबर शिवलंय!"

"पण व्हिडिओत..." म्हणता म्हणता ठिणगीचे डोळे गोल झाले. "बोक्या! तू परवा तो टोपी घातलेला व्हिडिओ उलटा केला होतास ना? डावं उजवीकडे?"

"एका बोटाचं काम! पण मग आकडाही उलटा दिसला असता."

"181 उलटा कसा दिसेल, शहाण्या? एक म्हणजे उभी दांडी, आठ म्हणजे दोन गोळे! आरशात धर नाहीतर पाण्यात धर, 181 तो 181!"

"म्हणजे डॉक्टरकाका बोयाच्या चुकीच्या बाजूने गेले..."

"...आणि व्हिडिओ उलटा करून टाकला!"

दोघं धापा टाकत घरी आली. काका होडीला रंग देत होता. त्याने सगळं ऐकलं आणि ब्रश खाली ठेवला.

"हे बघ, हरल्यावर मीही दोन रात्री कुशी बदलतोय. पण आपण बोललो तर लोक काय म्हणतील? हरले आणि जळले!"

ते खरंच होतं. ठिणगीला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काका, मी आरोप करणारच नाही. मी फक्त काळजी करणार!"

तिने थांबवलेल्या व्हिडिओचा फोटो गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "डॉक्टरकाका, तुमच्या शिडाचा उजवा आकडा खाली शिवलाय की काय? शिवणाऱ्या आजी फार अस्वस्थ आहेत. काकाची पुतणी."

गट खदखदायला लागला. होडीवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षबाईंनी लिहिलं, "आकडे चुकीचे असतील तर ते शीड शर्यतीतून बाद."

डॉक्टरांचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. "माझं शीड बिनचूक आहे! चार वाजता धक्क्यावर या, सगळ्यांसमोर चढवून दाखवतो!"

"मासा लागला!" बोक्याने उडीच मारली.

चार वाजता धक्का भरून गेला. डॉक्टरांनी ऐटीत दोरी ओढली. शीड सरसर वर गेलं.

"बघा! उजवा आकडा वर! आहे का चूक?"

"नाही!" आजी कडाडल्या. "माझी चूक नाहीच!"

ठिणगीने फोन उंच धरला. तिचा आवाज खणखणीत निघाला. "मग डॉक्टरकाका, हा आकडा व्हिडिओत खाली कसा गेला?"

अध्यक्षबाईंनी फोन हातात घेतला, एकदा शिडाकडे पाहिलं, एकदा फोनकडे. डॉक्टरांचं तोंड उघडलं ते मिटेचना.

"बाबा, सांगून टाका ना," मागून परी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तेव्हाच म्हटलं होतं, पुन्हा जाऊन येऊ."

"चुकून उजव्या हाताला राहिला हो बोया," डॉक्टर पुटपुटले. "पण वारा असा सुरेख होता! तसा पुन्हा मिळाला नसता..."

"डॉक्टर, तुमचा पहिला नंबर रद्द," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग ठिणगीकडे वळल्या. "आम्ही वीस मोठी माणसं तो व्हिडिओ बघून टाळ्या वाजवत होतो. तुला कसं दिसलं गं?"

खोटं बोलता आलं असतं. "जळत होते," ठिणगी म्हणाली. "म्हणून चाळीस वेळा बघितलं."

लोक खो खो हसले. आजींनी तिच्या पाठीवर थाप मारली. "जळलीस, पण डोळे उघडे ठेवून जळलीस! शाब्बास!" काका तर नुसता फुगून उभा होता.

रविवारी सगळ्या होड्यांच्या पुढे काकाची होडी निघाली. सुकाणू ठिणगीच्या हातात! धक्क्यावर परी एकटीच उभी होती, टोपी हातात चुरगाळत. ती नजर ठिणगीने लगेच ओळखली. आरशात रोज पाहिली होती ना!

"हेवा वाटतोय?" तिने ओरडून विचारलं.

"खूप!" परी तिकडून ओरडली.

"वाटू दे थोडा! मला तीन वर्षं वाटत होता!" ठिणगीने सुकाणू वळवलं आणि होडी धक्क्याला लावली. "चल, उडी मार! दोरी धरायला कुणीतरी हवंच. हा बोका नुसता खातोय!"