ताई न म्हणणारा मामा

आमच्या केंद्राचं दार वाऱ्याने आपटतं हे आम्हाला पाठ होतं, तरी त्या दुपारी ते आपटलं तेव्हा मी दचकलेच. दारात अडकलेली बाबागाडी सोडवत एक माणूस आत येत होता, तोही दचकला. खेळगटातली बाळं एका सुरात रडायला लागली. बाबागाडीतली मुलगी मात्र स्वतःचा मोजा ओढत मजेत बसून होती.

मी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. माझं पाहणं त्याच्या लक्षात आलं होतं… त्याचे डोळे एकदम खाली गेले.

"शांत आहे ती," तो म्हणाला. "म्हणजे फारच…"

"बसा ना," मी म्हणाले.

तान्ह्या मुलांच्या घरांना जी मदत लागते ती जुळवून द्यायची, हे माझं काम. घरी जाणारी नर्स, डॉक्टर, खेळगट, बोलायला शिकवणारी बाई, सगळ्यांची तोंडं चार दिशांना. ती एकीकडे वळवायची. माझी आई म्हणते, जगाचे संसार सावरत फिरतेस, आणि स्वतःचा… पुढचं ती उसाशात सांगते.

तो बेकरीवाला निघाला, मुलीचा मामा. बहिणीला दुसरं बाळ झालं होतं आणि ती अंथरुणाला खिळली होती. मेहुणे जहाजावर. त्यामुळे हा पहाटे भट्टी सांभाळायचा आणि दिवसा भाचीला. तिला सगळे चिमणी म्हणत, पण ती चिवचिवत नव्हती. तिला खेळगटात जागा मिळेल का, एवढंच तो विचारायला आला होता. त्याच्या कानाच्या पाळीला पीठ लागलं होतं. सांगावं की नाही या विचारात त्याचं अर्धं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं.

"आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात," तो म्हणाला.

"तुम्हीसुद्धा?"

"मी अजून शिकतोय."

मला हसू आलं. मग मात्र मी सरळ सांगितलं, की आधी तिचे कान तपासून घेऊ. त्याने मान हलवली. हे त्याला कधीचंच कळलं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यायला हवं होतं.

बहीण मात्र तयार होईना. मी नर्सबाईंना घेऊन घरी गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तपासलं नाही तोवर माझी चिमणी बहिरी नाही ना, ताई?"

मी धाकट्याच्या दुपट्यांच्या घड्या घातल्या. समजूत घालायचा विचार सोडला आणि नर्सबाईंचं रोज सकाळी येणं ठरवून टाकलं, म्हणजे तिला निदान झोप मिळेल. झोप मिळाली तसा तिच्या अंगात जीव आला, आणि जीव आल्यावर धीरही. एके दिवशी तिनेच भावाला सांगितलं, की घेऊन जा तिला तपासायला.

या काळात तो बरेचदा केंद्रात यायचा. कधी चिमणीला सोडायला, कधी न्यायला, आणि कधी… उगीचच. नर्सबाईंची नजर म्हणजे घारीची. त्या म्हणाल्या, "अख्खं गाव तुला ताई म्हणतं, ह्याचीच जीभ का गं अडखळते?" खरंच होतं ते. आज्यासुद्धा मला ताई म्हणायच्या. हा मात्र "अहो" नाहीतर "ऐका ना" म्हणून सुरुवात करायचा.

एकदा बाहेर भुरभुर पाऊस होता. आम्ही दारातच थांबलो होतो.

"सगळे मला ताई म्हणतात," मी म्हणाले.

"हो. ऐकलंय."

"तुम्ही नाही म्हणत."

तो बाबागाडीचा पट्टा घट्ट करत राहिला. "मला एक बहीण आहे," तो म्हणाला. "तेवढी पुरे."

माझे गाल तापले. लगेच आठवलं, की ज्या घराचं काम आपल्याकडे आहे तिथल्या कुणाशी असं काही जुळू द्यायचं नाही. कामाचा तो नियमच, आणि योग्यही. त्या दिवसापासून मी कामापुरतंच बोलू लागले. त्याला ते जाणवलं. विचारलं मात्र नाही त्याने.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मध्ये एक पिशवी ठेवून. कानाच्या डॉक्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, पडद्यामागे पाणी साठलंय, आतली नस चांगली आहे, छोटंसं ऑपरेशन केलं की ऐकू येईल. त्याने भिंतीला डोकं टेकलं. हात चाचपडत माझ्या हातावर आला. मी तो बाजूला केला नाही, पण धरलाही नाही. पुढे कितीतरी दिवस मला त्याची चुटपुट लागून राहिली.

ऑपरेशन झालं. नंतर एका सकाळी बहीण स्वतःच्या पायांनी केंद्रात आली. चिमणी पाठमोरी ठोकळे रचत होती. बहिणीने दारातूनच, घाबरत, हळूच हाक मारली, "चिमणे…"

चिमणी वळली.

नर्सबाईंनी चष्मा पुसायला काढला. मी हात धुवायला गेले, हात स्वच्छ असूनही, आणि नळ सोडून मनसोक्त रडले. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणजे काय होतं, ते तेव्हा कळलं.

मेहुणे परतले, बहीण हिंडूफिरू लागली. त्या घराला आता आमची गरज उरली नाही. तो शेवटचा आला तेव्हा सगळ्यांसाठी गरम पाव घेऊन आला. सगळ्यांचे आभार मानले, माझेही. अगदी परक्यासारखे. आणि गेला.

"गेला की गं," नर्सबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या बेकरीत रांगेत उभी होते. माझ्यापुढे कुणी उरलं नाही, तेव्हा त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला.

"चिमणीचं काही…?"

"चिमणी ठणठणीत आहे. तुमच्या घराचं काम आता माझ्याकडे नाही, हे सांगायला आले. होतं तोवर… नियम होता."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "नियम होता?"

"हो."

"मला वाटलं, मी नकोसा झालोय."

"नाही," मी म्हणाले. एवढ्याशा शब्दाला किती दम लागला!

"ठरलं असेल तर पाव द्या," मागून एक आजोबा म्हणाले.

"आजोबा, आज तुमच्या हाताने घ्या," असं म्हणत तो काउंटरची फळी उचलून बाहेर आला. बाहेर लख्ख ऊन होतं. आता कुठे जायचं, त्याने विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं. आम्ही नुसतेच चालत सुटलो, एकाच वेळी बोलत, एकमेकांना थांबवत, आणि या खेपेला मी त्याचा हात नीट धरला. पार कोपऱ्यावर गेल्यावर आजोबांची हाक आली, तेव्हा कुठे कळलं, की दुसऱ्या हातात तो पाव उचलायचा चिमटा घेऊनच निघाला होता.