फर्डिनंडच्या मोटारीचं इंजिन

"ही माझी गाडी नाही, मालनताई!"

सांडोरच्या फर्डिनंडने तळहाताएवढी मोटार टेबलावर ठेवली आणि तो येरझारा घालू लागला. जुन्या मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यात अख्ख्या वसईत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

खासगी गुप्तहेर मालन राऊत यांनी बॉनेट उचललं. त्यांचे यजमान भालचंद्र डोकावले. "छान आहे की!"

"इंजिन बघा. हे निळसर आहे." फर्डिनंडने खिशातून राखाडी-हिरवी पत्र्याची चकती काढली. "खऱ्या मोटारीवरून जुळवलेला हाच रंग मी इंजिनाला दिला होता. कुणीतरी नक्कल ठेवून माझी गाडी पळवली. चारला मुंबईचे शेठ न्यायला येणार."

खिडकीतल्या उन्हात फरक स्पष्ट दिसत होता.

"बरोबर गाडी शेवटची कधी पाहिलीत?"

"काल संध्याकाळी. बॉडीला लॅकरचा चकचकीत थर द्यायला वालीवच्या शंकरकडे आठ दिवस होती. त्याच्या शेडमध्येच चकती लावून पाहिली, तंतोतंत! घरी आणून कुलूपबंद केली. सकाळी अंगणात उघडली तर ही. किल्लीची जागा फक्त धाकट्या मार्सेलला ठाऊक. आज रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, भावाला चोर म्हणालो मी." त्याने चकती मालनबाईंच्या हातात दिली. "पोटच्या पोरासारखा वाढवलाय त्याला."

"चोर घरातच," भालचंद्र म्हणाले.

"तुम्ही आधी स्कूटर काढा."

सांडोरच्या घरी मार्सेल कपडे पिशवीत कोंबत होता.

"अशी नक्कल तुम्हाला जमली असती?" मालनबाईंनी विचारलं.

"जमली असती. पण रंग उन्हातच जुळवायचा, हे दादानेच शिकवलंय. असला निळा मी लावीन?" त्याने मान वर केली नाही. "त्याने विचारलंसुद्धा नाही. सरळ चोर म्हणाला."

मालनबाईंनी बल्ब लावून चकती इंजिनाशी धरली. रंग वेगळाच.

"घरात ट्यूबलाइट?"

"नाही."

वालीवच्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारीही शंकरची शेड चालू होती. खिडकी एकही नाही. तिघे आत येताच त्याने दार लावलं. "ओल्या रंगावर धूळ बसते." वर ट्यूबलाइट जळत होत्या.

"इंजिनाला हात लावला होता?"

"छे! मी फक्त बॉडी केली. फर्डिनंडने पारखून नेली की."

मालनबाईंनी पुन्हा चकती धरली.

"जुळला!" फर्डिनंड ओरडला.

"म्हणजे गाडी परत बदलली?" भालचंद्र चक्रावले.

"गाडी तीच. माझ्या हातातून सुटलीच नाही. चला बाहेर."

शंकर आडवा आला. "ताई, आतच बघा ना!"

बाहेर उन्हात इंजिन पुन्हा निळसर झालं.

"दोन वेगळी मिश्रणं एका उजेडात जुळी दिसतात, दुसऱ्यात त्यांचं सोंग उतरतं," मालनबाई म्हणाल्या. "ही नक्कल ट्यूबखाली जुळवलीय. तुम्हा भावांच्या घरात ट्यूब नाही. मूळ गाडी समोर ठेवून नक्कल करायला आठ दिवस मिळाले ते शंकरला. फर्डिनंड, काल तुम्ही पारखलीत तीही नक्कलच, ट्यूबखाली. रात्री घरात काहीच बदललं नाही. सकाळी फक्त ऊन पडलं."

शंकरने कपाट उघडून मूळ गाडी बाहेर काढली. "प्रदर्शनात माझ्या नावाने मांडायची होती," तो पुटपुटला.

फर्डिनंडने गाडी हातातही घेतली नाही. "उन्हात बघ म्हणून मार्सेलचे कान मीच पिळले, आणि स्वतः..." त्याला रडू आवरेना.

मार्सेल घराच्या फाटकातच भेटला, पिशवी खांद्याला. फर्डिनंडने हात जोडले. "चुकलो रे."

"इथं नको, दादा. जिथं चोर म्हणालास तिथं."

चारला शेठ आले तेव्हा घराला कुलूप होतं. फर्डिनंड चर्चच्या दारात, दुपारच्या लग्नाला येणाऱ्या गावातल्या एकेकाला थांबवून सांगत होता, "माझा मार्सेल चोर नाही. चुकलो मी." मार्सेल शेजारी उभा होता. पिशवी त्याने अजून खाली ठेवली नव्हती.