माळ्यावरची काजळी

भिंतीवर कुणीतरी टकटक करत होतं. दारावर नाही — भिंतीवर! मी खिडकी उघडली, तर पावसात निथळणारा एक उंच तरुण आमच्या विटांना कान लावून उभा.

"दार इकडे आहे," मी म्हटलं.

तो दचकला. "माफ करा... मी ॲलिक वेदरबी. जिल्ह्याच्या कचेरीतून आलोय. घरं तपासायला."

आमच्या नेदर ॲशबी गावातली ही सात घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, सगळ्यांवर एकच लांब छप्पर. रस्ता रुंद करायला ती पाडायची, असं ठरत आलं होतं. वाचवायची तर ती खूप जुनी आहेत हे दाखवायला हवं होतं. आणि कागदांवर ती जेमतेम शंभर वर्षांची. बाबांचा जन्म इथलाच. महिनाभर त्यांना धड घास गिळवत नव्हता.

"माळ्यावर जाता येईल?"

"येईल. पण कोळी आहेत."

"कोळ्यांची नाही, तुमचीच भीती वाटतेय."

मी हसू दाबलं आणि शिडी लावली.

वर आम्ही रांगतच सरकलो. त्याने एका वाशावर बोट फिरवून ते माझ्यासमोर धरलं — काळंकुट्ट.

"काजळी! इथे एकेकाळी धुराडंच नव्हतं. खाली जमिनीवर आग पेटायची, धूर थेट छपरात. आणि बघा ना, काजळीचा पट्टा शेजारच्या घराच्या छपरातही तसाच पुढे जातोय... ही सात घरं नाहीतच. पाचशे वर्षांपूर्वीचं एकच मोठं घर आहे हे! मधल्या भिंती नंतरच्या, पुढच्या विटा तर अगदी अलीकडच्या."

मोजमापाच्या फितीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. त्याने फीत गुंडाळायला घेतली, तसे आमचे हात जवळ आले... आणि फीत गुंडाळायची राहिली.

तो आणखी तीनदा आला. नंतर एकदम बंद. त्याच्याऐवजी मिसेस पार्जिटर नावाच्या करड्या शिस्तीच्या बाई आल्या. "वेदरबींनी हे काम सोडलंय," एवढंच म्हणाल्या. सगळी मापं त्यांनी पुन्हा घेतली. माळ्यावरही जाऊन आल्या. मला झोप येईना. घरं जाणार म्हणून, की तो गेला म्हणून — माझं मलाच कळेना.

सुनावणीच्या दिवशी बाबा सभागृहात बसले. मला आत बसवेना, म्हणून मी बाहेर आले. तर पायरीवर तो.

"पळून गेलात," मी म्हटलं. "आम्हाला वाऱ्यावर सोडून."

"पळालो नाही. मी अहवाल लिहिला असता, तर तो टिकला नसता."

"का? चुकीचा होता?"

"अहवाल बरोबर होता, हेस्टर. पण त्यांनी विचारलं असतं, या घरांत तुमचं कुणी आहे का? आणि मला... नाही म्हणता आलं नसतं."

मी काही बोलणार, तोच दार धाडकन उघडलं. बाबा, त्यांच्यामागे सगळे शेजारी, कुणी रडतंय, कुणी ओरडतंय.

"राहिली गं! पार्जिटरबाईंनी काजळी दाखवली, सगळ्यांना पटलं! घरं राहिली!"

मी बाबांच्या गळ्यात पडले. मान वर केली, तर ॲलिक छत्री उघडून निघालेला.

"अहो — कुठे? चहाला ये ना."

तो वळला. "'ये' म्हणालात?"

"हो," मी म्हटलं. "'ये'च म्हणाले."