इथेलची सही

'सेरेन' अबरडवी बंदराच्या धक्क्याला लागली, तेव्हा लोवरी टेकडीवर भावाच्या घरी पावाचं पीठ मळत होती. खिडकीतून शिडं दिसताच तिने गलबत ओळखलं आणि पिठाच्या हातांनीच खाली पळत सुटली. नवऱ्याला, इथेलला, समुद्रावर जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

खलाशी एकेक करून उतरत होते. तिला पाहिलं की नजर चुकवत होते. शेवटी कप्तान मॉर्गन पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"पोरी, इथेल नाही गं आला."

तिने त्यांच्या मागे, गलबताच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं.

"हॉर्नच्या भूशिरापाशी वादळात सापडलो. वरचं शीड आवरायला चढला होता. खूप शोधलं..." त्यांनी टोपी मुठीत चुरगळली. "त्याची पेटी आणलीय मी. चल, कचेरीत तुझी सही लागेल."

लोवरी रडली नाही. पाय नेतील तशी त्यांच्या मागून चालत राहिली.

कचेरीत डांबराचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. कारकून प्यू नुकताच बदलून आलेला. गावातलं कोणी त्याच्या ओळखीचं नव्हतं. परतलेल्या खलाशांची नावं पुकारायची, गलबताच्या नोंदपत्रावर सह्या घ्यायच्या आणि त्यांना मोकळं करायचं, हे त्याचं काम.

"या कप्तान, तुमची माणसं सुटली सगळी," तो म्हणाला. "शेवटचा तो इथेल पॅरी. अहो, कोरडे कपडे तरी द्यायचे बिचाऱ्याला! नुसता निथळत होता."

"शुद्धीवर आहात का?" कप्तान ओरडले. "त्याची बायको उभी आहे इथे! त्याच्या नावापुढे मी स्वतः 'बुडाला' लिहिलंय. वाचता येतं ना?"

प्यूने घाईने कागद फिरवला. 'बुडाला' लिहिलेलं होतं. त्याच्याखाली सही होती. प्यूने तिच्यावर टीपकागद दाबला, उचलला, पुन्हा दाबला. शाई वाळत नव्हती.

लोवरी वाकली. लग्नाआधी इथेल सहीच्या जागी फुली मारायचा. चुलीपाशी बसवून, हात धरून, तिनेच त्याला नाव लिहायला शिकवलं होतं. शेवटचं अक्षर हटकून ओळीखाली घसरायचं आणि ती हसायची.

इथेही ते घसरलं होतं.

"कुठे गेला तो?"

"दारातून... डावीकडे," प्यू पुटपुटला.

डावीकडे त्यांच्या जुन्या घराची गल्ली. इथेल समुद्रावर गेला आणि काही महिन्यांतच त्यांचा तान्हा ग्विन तापाने गेला. त्या घरात तिला श्वास घेववेना, म्हणून ती भावाकडे राहायला गेली होती. इथेलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. समुद्रावर कोण कळवणार?

ती धावली.

त्या घरात आता नेस्ट राहायची, परगावाहून आलेल्या सुताराची बायको. ती दारातलं पाणी पुसत होती.

"अगं लोवरी! आत्ता एक माणूस येऊन गेला. न विचारता आत शिरला. मी ओरडणारच होते, पण त्याचं तोंड बघून धीरच झाला नाही. घर चुकल्यासारखा उभा होता गं."

"माझं नाव घेतलं?"

नेस्टने मान खाली घातली. "नाही. तुला शोधत असेल वाटलं, तू वर टेकडीवर असतेस असं मीच सांगितलं. त्याला ऐकू येत नसावं."

"मग?"

"मग माडीवरून तो छोटा उतरला. त्याचं बोट धरलं."

"कोण छोटा? तुला कुठे मूल आहे?"

"म्हणून तर! मला वाटलं, त्यानेच बरोबर आणलाय, माझी नजर चुकवून वर चढला असेल. दोघं समुद्राकडे गेले."

लोवरी उंबरठ्यावर बसली.

"जाताना पोराने वळून पाहिलं," नेस्ट हळूच म्हणाली. "माझ्याकडे नाही, घराकडे. म्हणाला, 'आई, तू येतेस?'"

ग्विन गेला तेव्हा त्याला रांगताही येत नव्हतं. एकही शब्द फुटला नव्हता.