येझदीची मागची सीट

ए बबलू, तो मोबाइल ठेव खाली. रेणू, तूपण जवळ सरक. लाइट येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही बरं का ही. प्रतापराव माझ्याच ऑफिसातला, इथं काचीगुड्यालाच मागच्या गल्लीत राहतो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा त्याला.

मागच्या वर्षीची भाऊबीज. म्हणजे सदरची रात्र, नारायणगुड्याकडे रेडे सजवून नाचवतात ती. प्रतापरावला मलकपेठेत थोरल्या बहिणीकडे, कुसुमताईकडे जायचं होतं. त्याची बायको, भामावहिनी, जाऊन दोन वर्षं झालेली. तेव्हापासून त्याची येझदी, जुनी मोटरसायकल, जिन्याखाली झाकून पडली होती. मुलगा पुण्याला. त्याचा फोनवर एकच धोशा, बाबा, ते डबडं विकून टाका. शेवटी गिऱ्हाईक ठरलं, सकाळी येऊन नेणार होतं. हा म्हणाला, शेवटचं एकदा ताईकडे नेऊन आणू. मेकॅनिककडून चालू करून घेतली.

तुम्हा स्कूटीवाल्यांना हे काय माहीत असणार! ही गाडी टू-स्ट्रोक. तिला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात मापानं ऑइल मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर इंजिन कोरडं पडून चालत्या गाडीत जाम होतं, मागचं चाक अडकतं आणि माणूस उडतो. पेट्रोल भरायचा प्रतापराव, आणि ऑइल ओतायच्या वहिनी. जन्मभर. बाटली पर्समध्ये घेऊनच निघायच्या. त्या दिवशी पंपावर यानं टाकी भरली, झाकण लावलं, निघाला. ऑइल ओतणारं माणूस आता नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

जाताना कसंबसं निभावलं. ओवाळणं झालं, जेवणं झाली. कुसुमताई म्हणाली, "राहा ना रे आज. घरी कोण आहे तुझं?"

"नक्को ताई. सकाळी गिऱ्हाईक येणारे."

ताईला नंतर फार लागलं, आपण असं विचारलं म्हणून. पण खरंच होतं ते. घरी गेला की हा आधी टीव्ही लावायचा. बघायचा नाही. माणसांचा आवाज हवा म्हणून.

चादरघाटच्या पुलावर आला. रस्ता मोकळा, सगळी पब्लिक सदर बघायला गेलेली. खाली मूसी नदी. मागून एक लॉरी जोरात येत होती, म्हणून यानं गाडी पळवली.

आणि मागची सीट दबली.

म्हणजे काय म्हणजे? कोणी बसलं की दबते तशी. गाडी जड झाली. इंजिनाचा आवाज खाली उतरला, दोघं बसल्यावर उतरतो तसा. वळून बघायची हिंमत होईना. कोणी असलं तर, ही भीती नव्हती रे. कोणी नसलं तर...

डर लागतोय, रेणू? बरं, मधे बस दोघांच्या.

मग खांद्यावर थाप पडली. गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून वहिनींची ही खूण असायची. बाजूला घे. थांब.

यानं विचार केला नाही. क्लच दाबला. गाडी डावीकडे घेतली.

खाट्.

इंजिन जाम.

क्लच दाबलेला होता, म्हणून चाक फिरत राहिलं. गाडी घरंगळत कठड्याशी थांबली. लॉरी हॉर्न मारत शेजारून गेली.

मग... काही नाही. लांब कुठंतरी ढोल.

"भामा?"

...

परत हाक मारली नाही त्यानं. मागं बघितलंही नाही. हँडल धरून, रडत, गाडी ढकलत घरापर्यंत आणली. मला म्हणाला, "जड लागत होती भाई. पण घर लवकर येऊ नये असंच वाटत होतं. एवढ्या दिवसांनी सोबत होती."

सकाळी मला बोलावलं. गिऱ्हाइकाला त्यानं परत पाठवलं होतं. मी गाडीभोवती फिरलो. हिच्या डाव्या अंगाला एक घडीची पट्टी असते, साडीवाल्या बायका एका बाजूनं बसल्या की पाय टेकवायला. दोन पावसाळ्यांत ती मिटलेलीच गंजून बसली होती. मेकॅनिकनं हातोडीनं ठोकली तरी हलली नव्हती. मी तिथंच उभा होतो तेव्हा.

ती उघडलेली होती. सगळीकडे गंज तसाच. फक्त पाय टेकतात तेवढी जागा... घासून लख्ख झालेली.