तिसरा सिलिंडर गार होईना

विषय : सूतिकागृहाच्या जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून नव्याने बांधण्यासाठी अमरावती व अकोला येथील मिस्त्रींपैकी एकाची निवड करणेबाबत.

संदर्भ : समितीचा ठराव, आणि त्यानंतर जे घडले ते.

उपरोक्त विषयी निवेदन की, निवड झालेली नाही.

माफ करा, जन्मभर कचेरीत घासल्यावर माणूस भुताची गोष्टसुद्धा विषय-संदर्भ घालूनच सांगतो. कंदील जरा जवळ घ्या. बसा.

लढाई चालू होती. पेट्रोल कुपनावर, आणि नवी मोटार मिळणे म्हणजे देव भेटण्यासारखे. आमचे सूतिकागृह अमरावतीच्या बाहेर, परतवाड्याच्या रस्त्याला. तिथल्या नर्स सिंधूबाई. तिशीची बाई, पण चालताना पन्नाशीची वाटायची. पूर्णेकाठच्या गावांतून बाळंतपणाचे बोलावणे आले की बैलगाडीने जायच्या. आदल्या पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतली आणि त्या पोहोचण्यापूर्वी पार्वताबाई नावाची पोर गेली. पोटातल्यासकट. त्यानंतर सिंधूबाई समितीपुढे आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "मला मोटार द्या, नाहीतर सुट्टी द्या. बायका मरताना बघायला मी शिकले नाही."

समितीजवळ मोटार होती. केशवराव वकिलांच्या विधवेने पुण्याला जाताना दान केलेली. पहिल्या लढाईच्याही आधीची, पितळी दिव्यांची, रबरी भोंग्याची. चार सिलिंडर सुटे ओतलेले, डेऱ्यांसारखे ओळीने उभे. वकील वारल्यापासून ती त्यांच्या बंगल्यामागच्या टिनाच्या शेडमध्ये पडून होती. ती चालती करण्यासाठी मिस्त्री निवडायचे काम समितीने चिटणिसाकडे, म्हणजे माझ्याकडे दिले. मला मोटारीतले कळते ते एवढेच, की पुढच्या बाजूने ती जाते. परंतु न कळणाऱ्या विषयावर निर्णय घेण्यातच माझी सारी नोकरी गेली होती, तेव्हा अडचण वाटली नाही.

प्रथम अमरावतीचे उत्तमराव आले. त्यांच्या दुकानावरची पाटी दुकानाहून लांब आहे. भर दुपारी, तोंडात पान, हातात लाकडी दांडू.

"मोरोपंत, इंजिनाची नाडी असते. थोडं चालवायचं, मग एकेका सिलिंडरवर हात ठेवायचा. जो गार, तो कामचुकार. कचेरीत कसं, सगळे बसलेले असतात, पण काम कोण करून राहिला ते हात लावल्याशिवाय कळत नाही."

"कचेरीत हात लावूनही कळत नाही," मी म्हणालो.

इंजिन चालण्याचा प्रश्नच नव्हता. टाकीत पेट्रोल नव्हते, उंदरांच्या लेंड्या होत्या. उत्तमरावांनी केवळ सवयीने हात ठेवला. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर हात ठेवला आणि त्यांचे पान चघळणे थांबले.

"ऊन लागतं का इथं?"

"शेडचं तोंड उत्तरेला आहे."

त्यांनी दांडूचे एक टोक तिसऱ्या सिलिंडरला लावले, दुसरे कानाला. मिस्त्री लोक असेच आतला आवाज ऐकतात. शेडमध्ये जुन्या तेलाचा आणि तापल्या टिनाचा वास होता. बाहेर एक होला घुमत होता, तो गप्प झाला. उत्तमराव बराच वेळ वाकलेले राहिले. मग दांडू पुसून म्हणाले, "माझ्याकडे सध्या काम फार आहे."

"काय ऐकलंत?"

"काही नाही... कोणी झोपेत श्वास घेतं ना... झोपेत नाही. दमलेला माणूस घेतो तसा."

जाताना ते दांडू तिथेच विसरले. तो न्यायला आजवर आलेले नाहीत.

मी तिसऱ्या सिलिंडरवर हात ठेवून पाहिला. कोमट होता. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

समितीला मी कळवले, की अमरावतीचे मिस्त्री अन्यत्र व्यग्र आहेत. खोटे नव्हते. मग अकोल्याचे नत्थुजी मिस्त्री ठरवले. कापसाच्या जिनिंगची इंजिने बांधण्यात आपला हात धरणारा वऱ्हाडात कोणी नाही, हे ते स्वतःच सर्वांना सांगत. त्यांनी माणसे लावून इंजिन उतरवले आणि रेल्वेने अकोल्याला नेले. मोटार शेडमध्ये राहिली, नाकाखालचा जबडा काढल्यासारखी.

श्रावणात त्यांचा निरोप आला, "या." मी गेलो. जठारपेठेत त्यांचे दुकान. चारही सिलिंडर सुटे करून फळीवर मांडलेले.

"बाबूजी, हात लावा."

मी लावला. तीन गार, तिसरा कोमट.

"घासतेलाच्या टपात बुडवून ठेवला, तं तेल कोमट झालं. अंगणात पावसात ठेवला, तं वाफा निंगाल्या. माही बायको म्हणते, थो वापस कर नाईतं मी मायेरी जातो." नत्थुजींनी विडी पेटवली. "मी म्हनलं, थांब, आधी बाबूजीले इचारतो. हे गाडी कोन चालवे?"

"चंद्रभान. वकिलांचा ड्रायव्हर. तो केव्हाच मेला."

"मेला कसा?"

ते सगळ्या अमरावतीला ठाऊक होते. वैशाखातली दुपार. वकिलांना कोर्टात फक्त तारीख घ्यायची होती. तापलेली मोटार एकदा बंद केली की हँडल मारमारून जीव जायचा, म्हणून उतरताना ते म्हणाले, "चंद्रभान, बंद करू नको. मी आलोच." आत पुकारा लांबला. चंद्रभान चाकावर हात ठेवून बसून राहिला. वरून ऊन, पुढून इंजिनाची धग. सावलीला घे, असे त्याला कोणी म्हटले नव्हते. पेट्रोल संपून मोटार आपोआप थांबली तेव्हा शिपाई बघायला आला. चंद्रभान ताठ बसलेला होता. डोळे कोर्टाच्या दाराकडे. वकील त्याच दिवाळीत गेले.

नत्थुजींनी विडी विझवली.

"म्हंजे त्याले 'बंद कर' असं कोनी सांगतलंच नाई."

"नाही."

"तं थो काहून बंद करन?"

मला हसू यायला हवे होते. आले नाही. कारण मुद्दा बिनतोड होता. हुकूम देणारा मेला म्हणून हुकूम मरत नाही. तो रद्द होईपर्यंत चालू राहतो, आणि रद्द करायचा तो ज्याच्या ताब्यात ते काम आहे त्याने. असे हुकूम मी कपाटेच्या कपाटे सांभाळले आहेत.

"आता गाडीचा मालक कोन?" नत्थुजींनी विचारले.

"समिती."

"आन् समितीचा?"

"चिटणीस..."

"मंग बोला नं जी. काय बगून राहिले?"

दिवेलागण होत होती. मी टोपी नीट केली. ओतीव लोखंडासमोर उभे राहून बोलायला लाज वाटत होती, तरी बोललो. "चंद्रभान, साहेबांचं काम झालं. गाडी बंद कर. तुला सुट्टी."

नत्थुजींनी हात ठेवला. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. "उतरून राहिला, बाबूजी... गार होऊन राहिला." कुठूनतरी एक लांब उसासा ऐकू आला. नत्थुजींचा नव्हता, माझाही नव्हता. आम्ही चहा मागवला. काम मार्गी लागल्याचे समाधान मला नोकरीत क्वचित मिळाले, त्यामुळे ते ओळखायला वेळ लागला.

चहा संपायच्या आत नत्थुजी सवयीने पुन्हा तिथे गेले आणि हात झटकून मागे आले. सिलिंडर चटका बसण्याइतका तापला होता.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परतलो. सिंधूबाई सूतिकागृहाच्या दारातच भेटल्या. डोळे जागरणाने तांबडे, पण चेहरा उजळलेला.

"मोरोपंतकाका, मोटार दुरुस्त झाली ते कळवायचं तरी! काल संध्याकाळी बोलावणं आलं आणि मी कपाळाला हात लावून बसले होते, तर दारात भोंगा. कौशल्याला मुलगा झाला. आडवं होतं. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघं गेली असती."

मी खाली बसलो. "ड्रायव्हर कोण होता?"

"तोंडाला रुमाल होता. वळून बघितलंच नाही त्यांनी. गावात उतरताना त्यांनी विचारलं, 'आता बंद करू का जी?' फार दमलेला आवाज होता. मी म्हटलं, नको, बंद करू नका, मी आलेच."

मी उठलो. त्यांना घेऊन शेडवर गेलो. मोटार जागच्या जागी होती. चाकांना चिखलाचा ठिपका नव्हता, आणि वाटेवर तर बैलगाड्यांनी चिखलात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. मी पुढचे झाकण उचलले. इंजिनाच्या जागी खाली जमीन दिसत होती. तिथे गवत उगवले होते.

मागच्या बैठकीवर सिंधूबाईंचा रुमाल पडला होता. त्यांनी तो उचलला. बराच वेळ घडी करीत राहिल्या.

मी सगळे सांगितले. मग म्हणालो, "माझ्या हुकुमानंतर तुमचा हुकूम झाला. नंतरचा खरा धरतात. आता तुम्हीच त्याला सोडा. सांगा, बंद कर."

"आणि पुढचं बोलावणं आलं तर?"

"पेट्रोलचा अर्ज केला आहे. इंजिन बांधून होईल..."

"कधी?"

मी मोटारीचे झाकण लावले.

"तो दमलाय, बाई."

"मीपण दमलेय, काका." त्यांनी मोटारीच्या दारावर हात ठेवला, एखाद्या बाळंतिणीच्या खांद्यावर ठेवावा तसा. "पावसाळा संपू द्या. मग सांगते."

पावसाळा संपला. दरम्यान पूर्णेकाठी एकही बाळंतीण दगावली नाही, आणि समितीने त्याबद्दल स्वतःचे अभिनंदन केले. कातरवेळी त्या शेडवरून जाताना मला आतून विचारणा ऐकू येई, अगदी हळू, कचेरीच्या दाराशी अर्जदार खाकरतो तशी, "बाबूजी... बंद करू का?" मी पाऊल उचलत असे. मला अधिकार उरला नव्हता.

शेंदूरजनाघाटची संत्री बाजारात आली तेव्हा नत्थुजी स्वतः अकोल्याहून आले. पाणीही न पिता म्हणाले, "बाबूजी, तुमचं इंजिन वापस घेऊन जा. मी बांधत नाई."

"तिसऱ्याची तर आता सवय झाली ना तुम्हाला?"

"तिसऱ्याचं नाई सांगून राह्यलो..." त्यांनी मागे वळून पाहिले. "चौथा कोमट लागून राहिला."

त्याच आठवड्यात सूतिकागृहातल्या बायकांनी माझ्याकडे गाऱ्हाणे आणले होते. सिंधूबाईंचा हात हल्ली फार गार लागतो, पोटावर ठेवला की दचकायला होते. मी बाईंना शाल घ्या म्हणून सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, मला थंडी वाजतच नाही."

तूर्त स्थिती अशी : उत्तमरावांचे उत्तर नाही. नत्थुजींनी काम नाकारले आहे. पेट्रोलचा अर्ज विचाराधीन आहे. चंद्रभानचा तोंडी अर्ज सिंधूबाईंकडे आहे. त्यावरचा त्यांचा 'पावसाळ्यानंतर' हा शेरा कायम आहे, आणि अर्ज प्रलंबित आहे.