मानशीचं दार वाजलंच नाही!

“देवकी, तुझा आवाज म्हणजे बार्जचा भोंगा आहे गो!” कानावरचे हेडफोन काढत गौरेश ओरडला.

“असू दे! भोंगा नदीपलीकडे ऐकू जातो. तुझी पिपाणी अंगणाबाहेरही जात नाही!” देवकी म्हणाली. “आणि ऐक, आपल्या पॉडकास्टचं नाव ठरलं. भोंगा!”

गौरेशची धाकटी बहीण सुविधा टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

देवकीने नाव हसत घेतलं खरं, पण आतून ती धुमसत होती. आठवीच्या वर्गात तिच्याइतकं धीट कोणी नव्हतं. तरी स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनातून तिला वगळलं होतं. का? तर म्हणे आवाज घोगरा! ठीक आहे. दिवाळीची सुट्टी होती, मावसभाऊ गौरेशकडे जुना फोन होता, आणि सांगण्यासारखं तर गावभर पडलं होतं. मग बोलायला कोणाची परवानगी कशाला हवी?

त्यांचं खारवाडे गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, आमोण्याला लागून, मांडवीच्या काठावर. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोठी मोरी. ओहोटीला शेतातलं पाणी दार ढकलून नदीत जातं. भरतीला नदीच दार ढकलते आणि ते ‘धाड’ करून बंद होतं. माणसाने हातही लावायला नको! पहिल्या भागाची सुरुवात त्या ‘धाड’ने करायची, असं देवकीने ठरवलं होतं.

फोन म्हणत होता, ओहोटी साडेसहाला संपणार. सकाळी सहालाच तिघं मानशीवर हजर! साडेसहा झाले, पावणेसात झाले, सात वाजले. दार गप्प! पाणी आपलं नदीकडेच चाललेलं.

तेवढ्यात जयराम बाल्दी घेऊन आला. मानशीतली मासळी धरण्याचा ठेका त्याचा. मुलांना बघताच त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“कितें करतात रे हांगा?”

“दाराचा आवाज रेकॉर्ड करतोय. पॉडकास्टसाठी,” गौरेश म्हणाला.

“फोनात वेळ असता ती मुरगावची! पाणी हांगा उशिरा येता. घरा वचात! परत मानशीर दिसल्यार पांय मोडटलों!”

“आमच्याच शेताच्या बांधावर बसायला तुम्हाला विचारायचं?” देवकी फाडकन बोलली. गौरेशने तिचा हात धरून ओढलं नसतं, तर तिथेच जुंपली असती.

तिघं तडक सगुणमामांकडे गेली. मामांचा उभा जन्म खनिजाच्या बार्जवर, आमोणे ते समुद्रावरचं मुरगाव बंदर अशा फेऱ्या मारण्यात गेलेला.

“जयराम ह्या एका गोष्टीत खरं बोलता,” मामा हसले. “मुरगावचं पाणी हांगा पावपाक दीड तास लागता. आनी दर दिसा पन्नास मिनटां फुडें. फाल्यां पावणेनवांक वचून बसात.”

म्हणजे जयरामचं बरोबर, आणि यांचं चुकलेलं! देवकीला मनातून राग आला, तो जयरामचाही आणि स्वतःचाही. पण रुसून बसणाऱ्यातली ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला सुविधाने नारळाच्या सोडणाचा तुकडा पाण्यात टाकला. तो थोडा वेळ जागच्या जागी फिरला. मग वळला आणि दारातून सरळ शेतात निघाला!

“पाणी फिरलं!” सुविधा किंचाळली.

“मग दार का नाही वाजलं?” देवकी म्हणाली.

गौरेश बांधावर पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून चाचपू लागला. “अगो, खाली माडाचा ओंडका ठोकलाय! दार मिटणार कसं? थू! थू! तोंडात गेलं. किती खारट!”

देवकीच्या सगळं लक्षात आलं. जितकं पाणी आत, तितकी मासळी आत. आणि ओहोटीला सगळी जयरामच्या जाळ्यात! मानशीजवळचा पहिला तुकडा तिच्या आईचा. आठ दिवसांनी कापणी. लोंब्या दाण्यांनी वाकलेल्या, आणि बुडख्याशी मात्र खारं पाणी साचलेलं. असंच पाणी येत राहिलं, तर पूर्ण पावसाळ्याचे कष्ट चिखलात कुजणार होते.

“काढून टाकू या!” सुविधा म्हणाली.

“आज काढला तर संध्याकाळी पुन्हा ठोकेल. मोठ्यांना दाखवायला हवं.”

पण मोठ्यांना वेळ असेल तर ना! शेतकरी संघाचे अध्यक्ष शिवदासकाका घराच्या सोप्यावर चहात पोईचा पाव बुडवत बसले होते. “जयराम सांगता, दार बरें आसा म्हण. व्हडल्यांचीं कामां व्हडल्यांक करूंक दियात,” एवढं बोलून त्यांनी पुढचा तुकडा बुडवला. उठून दोन पावलं टाकायची तसदी घेतली नाही!

त्याच दुपारी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘भोंगा’चा पहिला भाग वाजला. “मी देवकी. आमच्या मानशीचं दार भरतीला बंद होत नाही. खारं पाणी शेतात शिरतंय. कोणी जाऊन बघेल का?”

बघायला कोणी गेलं नाही. देवकीच्या दारात मात्र संध्याकाळी जत्रा भरली! जयराम तांबडालाल. शिवदासकाका चढ्या आवाजात म्हणाले, “पोरीच्या जातीक इतकें तोंड उगडून उलोवप बरें न्हय! तें ग्रुपावयलें काडून उडय आनी माफी माग!”

देवकीचे कान तापले. आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. “बाय, तुका खात्री आसा?”

“आहे.”

“मागीर मान सकल घालूं नाका.”

देवकीने मान वर केली. “माफी मागते. पण मानशीवर, सगळ्यांसमोर आणि भोंग्यावर!”

“फाल्यां नवांक!” जयरामनेच वेळ ठरवली. त्याचा हिशेब सोपा होता. नऊला ओहोटी, म्हणजे दार उघडं असणारच. ओंडका गढूळ पाण्याखाली. दहा मिनिटांत पोरगी रडेल आणि लोक घरी जातील. ओंडका तेवढ्यापुरता काढून ठेवावा, हेही त्याला सुचलं नाही. अमावास्येनंतरची मोठी भरती चारच दिवसांची, आणि लोभाला सुट्टी नसते! पाणी उद्या नऊ-चाळीसला फिरणार, हे त्याला ठाऊक होतं. ते या तिघांनाही ठाऊक आहे, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

सकाळी नऊला अर्धा गाव बांधावर जमला. गौरेशने फोन धरला.

“नमस्कार! तुम्ही ऐकताय भोंगा!” देवकीचा घोगरा आवाज थेट पलीकडच्या बांधापर्यंत पोचला. “माफी मागण्याआधी पाहुण्यांची ओळख!” आणि तिने एकेकाचं नाव, घर आणि शेताचा तुकडा सांगायला सुरुवात केली. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. मग भातलावणीची गाणी येणाऱ्या दोन काकूंना तिने पुढे बोलावलं. त्यांनी आधी लाजून घेतलं आणि मग थांबेचनात! नऊ-वीस.

“माफी माग गो!” जयराम घड्याळाकडे बघत खेकसला.

“मागते ना! सगुणमामा, बार्जवरची एखादी आठवण?”

मामांना हेच हवं होतं! ते वादळात शिरले ते बाहेरच पडेनात. लोक रंगले. जयरामला मात्र घाम फुटला. तो पाण्यात उतरायला हळूच मानशीच्या पायऱ्यांकडे सरकला, तर तिथे सुविधा फतकल मारून बसलेली!

“काका, माझ्या पायाला मुंग्या आल्यात. उठताच येत नाही!”

नऊ-चाळीस. पाण्यावरचं सोडण थांबलं, फिरलं आणि आत निघालं. त्याच वेळी दूरच्या बांधावरून आवाज आला. धाड!

“ऐकलंत?” देवकी म्हणाली. “ती पलीकडची मानस. आता आपली ऐकू या.”

तिने गौरेशकडून फोन घेऊन दारासमोर धरला. सगळे कान टवकारून उभे राहिले. दार वाजलंच नाही! पाणी खळखळत शेतात शिरत होतं, आणि ते आता प्रत्येकाला दिसत होतं.

सगुणमामा आणि दोघं गडी पाण्यात उतरले. दोर बांधून ओढला तेव्हा ओंडका सुटला, आणि दार असं आदळलं की बांध हादरला.

“जयरामकाका, आता माफी कोणी मागायची?” देवकीने विचारलं.

“चुकलें,” जयराम पुटपुटला.

“मोठ्याने! भोंग्यावर ऐकू यायला हवं!”

“चुकलें म्हजें!”

“तुजो ठेको आयज सोंपलो,” शिवदासकाका कडाडले. मग देवकीकडे वळले. “शाबास गो बाय! तुज्या आवाजान शेतां राखलीं. तिगांयचो आमी सत्कार करूया. आतां बंद कर तें.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने डोळ्यांना पदर लावला. पण देवकीने बंद केलं नाही. तिने फोन काकांसमोर धरला.

“एकच प्रश्न, काका. दार रोज बघायचं काम कोणाचं?”

“संघाचें.”

“संघात कोणाचं?”

काकांनी एकदा शेतातल्या पाण्याकडे पाहिलं.

“म्हजें,” ते म्हणाले. “दसऱ्यासून हांव हांगा आयलोंच ना. तुवें विचारलें म्हण चार लोकांमदीं सांगलें. बरें केलें विचारलें तें. आनीक कितें विचारता?”

“शेतातलं खारं पाणी आज काढणार की उद्या?”

“आयजच! ओहोटी लागतकच!” काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आत साचलेल्या पाण्याला वाट काढायला एकाच्या हातातलं खोरं घेतलं, आणि ते सगळ्यांच्या आधी चिखलात उतरले.